आमची वाटचाल : आधी निदान, मग पार्ट

नाशिकच्या महात्मा गांधी रोडच्या मागच्या गल्लीत धाकट्या भावाने आणि मी छोटा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा पेंटियम फोर प्रोसेसरची चलती होती. नवे कॉम्प्युटर विकणारी दुकानं आजूबाजूला भरपूर होती. सुरूच न होणारा कॉम्प्युटर शांतपणे उघडून बघणारी मात्र थोडी. विक्रीत पैसे गुंतवायची आमची ऐपत नव्हती, पण भावाने आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं आणि सोल्डरिंगला त्याचा हात पक्का. म्हणून आम्ही दुरुस्तीच धरली.

आमचं नाव झालं ते फुगलेल्या कपॅसिटरमुळे, म्हणजे वीज साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या छोट्या भागांमुळे. २००० नंतरची काही वर्षं सदोष इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या द्रावाचे) कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर आले होते. प्रोसेसरशेजारच्या त्या नळकांड्यांची डोकी फुगायची, कधी त्यातून तपकिरी द्रव पाझरायचा. पंखा फिरतोय, डिस्प्ले मात्र नाही, अशी मशीन रांगेने यायची. सरसकट बोर्ड बदलायचा सल्ला मिळालेलं गिऱ्हाईक आमच्याकडे आलं की भाऊ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले १०५ अंश तापमान सोसणारे, लो ईएसआर म्हणजे कमी अंतर्गत रोधाच्या जातीचे कपॅसिटर बसवायचा. त्या जागी साधे कपॅसिटर टिकत नाहीत. बोर्ड वाचायचा, आणि ते गिऱ्हाईक आपल्या साडूलाही घेऊन यायचं.

कामाची आमची पद्धत तिथेच ठरली: मशीन ज्या क्रमाने जागं होतं, त्याच क्रमाने तपासायचं. बटण दाबण्याआधीच एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट हवेत. बटण दाबल्यावर हिरवी वायर ग्राउंडला जाते आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी उठतात. त्या स्थिर झाल्या की करड्या वायरवरून ‘पॉवर ठीक’ असा इशारा बोर्डाला जातो. मगच प्रोसेसर कामाला लागतो आणि बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम, रॅम आणि ग्राफिक्स तपासू लागतो. ही स्वतःची तपासणी आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीतही होती. पडदा उजळायच्या आधीच काही बिघडलेलं असेल तर सांगणार कसं? त्यासाठी बीप. बायोस बनवणाऱ्या कंपन्यांचे बीप वेगवेगळे: अवॉर्ड कंपनीच्या बायोसवर एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. एकच छोटा बीप अवॉर्डवर ‘सगळं ठीक’ सांगतो, तर एएमआयवर तोच रॅम रिफ्रेशचा बिघाड दाखवतो. म्हणून आमच्याकडे नवा मुलगा आला की आधी बोर्डवरचा बायोस कुणाचा ते बघायला शिकतो, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

बीपच येत नसेल तर सगळी रॅम काढून मशीन सुरू करायचं. आता बोर्ड ओरडला, तर बोर्ड, प्रोसेसर आणि बायोस निदान जिवंत आहेत; रॅमकडे वळायचं. पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या की बरीच मशीन तिथेच उठतात. गप्पच राहिला तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायचा, कारण बोर्डाखालचा एखादा जादा धातूचा स्टँडही मागून शॉर्ट करतो. हल्ली कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो. आम्ही जोडलेल्या प्रत्येक मशीनमध्ये तो बसवतो. काही रुपयांची वस्तू आहे, पण ती नसेल तर मशीन मुकं होतं.

निफाडकडच्या एका कांदा व्यापाऱ्याचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. थंडीच्या दिवसांत त्यांचं मशीन सकाळी काही केल्या उठायचं नाही आणि दुपारी ठणठणीत. जो बघायला जाई तो दुपारी जाई. आधी कुणीतरी रॅम बदलली होती, मग विंडोज टाकली होती. ‘‘शेठ, आम्ही उजाडताच येतो, तोवर बटणाला हात लावू नका,’’ असं सांगून भाऊ कडाक्याच्या गारठ्यात मोटरसायकलवर गेला. जांभळ्या वायरवर मीटरने ४.२ व्होल्ट दाखवले; ४.७५च्या खाली चालत नाही. एसएमपीएसमधले कपॅसिटर सुकत आलेले होते, आणि थंडीत त्यांचा अंतर्गत रोध आणखी वाढतो. खोली तापली की तेच कसेबसे काम करायचे. एसएमपीएस बदलला, मशीन चाललं. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी आली की आता आम्ही तिकडच्या गिऱ्हाइकांना आधी एसएमपीएसबद्दलच विचारतो.

या कामातून एक नियम आला, आणि त्यावरून वादही झाले: तपासणीचे पैसे वेगळे. ‘‘नुसतं बघायचे पैसे कसले, दादा?’’ असं पुष्कळांनी विचारलं. पण तपासणी फुकट असली की दुरुस्त करणाऱ्याची कमाई पार्टवर येते, आणि मग चांगला पार्टही बदलला जातो. आम्ही काय मोजलं, काय सापडलं ते चिठ्ठीवर लिहून देतो आणि काढलेला पार्ट पिशवीत घालून परत करतो. काही गिऱ्हाइकं या नियमामुळे गेली. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांची एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) मात्र त्या चिठ्ठ्यांमुळेच मिळाली. तिथल्या मेंटेनन्सच्या लोकांना आकडे लिहिलेला कागद लागतो.

आता कामाचं रूप बदललंय. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे चार छोटे दिवे असतात, अडलेल्या टप्प्याचा दिवा लागून राहतो. डीडीआर५ रॅमचं नवं मशीन पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो; ते मेलेलं नसतं, रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून बटण बंद करू नका.

आणि फोन कराल तेव्हा ‘सुरू होत नाही’ एवढ्यावर थांबू नका. पंखा फिरतो का, कीबोर्डचा दिवा लागतो का, बीप किती, कंपनीचं चिन्ह पडद्यावर येऊन थांबतं की काहीच येत नाही, आणि हे सकाळीच होतं की दिवसभर, ते सांगा. मशीन आणताना घरची पॉवर केबल आणि मॉनिटरची केबलही सोबत आणा. दोष बरेचदा तिथेच असतो.