तीन फुटांचा काउंटर

परवा इथे न्यू जर्सीत आमच्या गावच्या लायब्ररीत आईचं कार्ड काढायला गेलो होतो. पक्षाघातानंतर आई व्हीलचेअरवर असते. सवयीनं मीच पुढे होऊन बोलायला लागले, तेवढ्यात काउंटरवरच्या बाई शेजारच्या ठेंगण्या भागाकडे सरकल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि थेट आईला विचारलं, "नाव कसं लिहायचं?" आईनं एकेक अक्षर सांगितलं. मग उजव्या हातानं डावा हात उचलून कागदावर वजनासारखा ठेवला आणि सही केली.

गेल्या वेळी पुण्यात हयातीचा दाखला द्यायला गेलो, तेव्हा काउंटर आईच्या कपाळापर्यंत येत होता. पलीकडून मला विचारलं गेलं, "आजींना सही येते का?" आयुष्यभर मुलांकडून अक्षर गिरवून घेतलेल्या बाईबद्दल! तो प्रश्न मला अजून सलतो.

घरी आल्यावर नियम शोधून वाचले. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. तो व्हावा म्हणून त्याआधी मार्चमध्ये अनेकजण व्हीलचेअर सोडून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले होते. त्या कायद्याखालच्या २०१० च्या मानकांनुसार काउंटरचा निदान एक भाग ३६ इंचांहून उंच नको. खुर्ची त्याला समांतर लावायची असेल, तर तो भाग ३६ इंच लांब हवा. समोरून यायचं तर ३० इंच पुरतात, पण खाली गुडघे जायला मोकळी जागा हवी. त्यापुढे ३० बाय ४८ इंच जमीन रिकामी. मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे ठेंगणा भाग पुढून मागे उरलेल्या काउंटरइतकाच रुंद असावा, नुसती पुढे ठोकलेली फळी चालत नाही.

अर्थात नियम असून भागत नाही. इथल्याच एका कार्यालयात त्या भागावर माहितीपत्रकांचा गठ्ठा आणि प्रिंटर ठेवलेला मी पाहिलाय.

आपल्याकडेही २०१६ चा कायदा आहे, आणि सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला बजावलंय.

आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या ऑफिसचं काम सध्या चालू आहे. भावाला ही मापं पाठवली. सुतारानं त्याला विचारलं, "खाली ड्रॉवर बसवू ना?" भाऊ म्हणाला, "नको, तिथे गुडघे यायचेत."