निकोडेमसच्या माळावर

आज दुपारी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ग्रॅहम काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) निकोडेमस या छोट्या गावी गेले होते. चहूकडे गवत, आणि वारा असा की बोललेलंही ऐकू येईना.

१८७७ मध्ये केंटकीहून कृष्णवर्णीय कुटुंबं इथे आली. गुलामी सुटून जेमतेम बारा वर्षं झालेली. घरांना लाकूड नाही, म्हणून जमीन खोदून त्यातच राहिली. पुढच्या वर्षी विलियाना हिकमन आल्या. "गाव कुठंय?" विचारल्यावर त्यांना जमिनीतून निघणारा धूर दाखवला. त्यांना रडू कोसळलं. तिथे उभं राहून हे आठवलं आणि माझाही गळा दाटला. पहिला हिवाळा ही माणसं तगली ती शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी अन्न दिलं म्हणून.

काउंटी कागदावर १८६७ ची, यादवी युद्धात पडलेल्या कॅप्टन ग्रॅहमच्या नावाची. कारभार मात्र १८८० मध्ये सुरू झाला, आणि तात्पुरता काउंटी क्लार्क (दप्तर सांभाळणारा अधिकारी) नेमला तो निकोडेमसचाच एडवर्ड मॅककेब. दोनच वर्षांत तो राज्याचा ऑडिटर (हिशेब तपासणारा अधिकारी) म्हणून निवडून आला! केवढी ही झेप.

१८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली, दुकानंही तिकडेच सरकली. जुनं बाप्टिस्ट चर्च अजून उभं आहे. निघताना त्याच्या भिंतीला हात लावून आले.