सातव्या मजल्यावरची मोरी

"ऑफिसं रिकामी पडलीत ना, मग द्या की लोकांना राहायला." कॅनडातल्या कॅल्गरीत मराठी मंडळींत माझ्या कामाचा, म्हणजे जुन्या ऑफिसांची घरं करण्याचा, विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. बोलणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. मलाही तेच हवंय, म्हणून तर मी हे काम करते. पण ते किती बारीक गोष्टींवर अडतं, हे मला फेब्रुवारीतल्या एका सकाळी नीट कळलं.

2014च्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले आणि तेल कंपन्यांच्या जिवावर उभं असलेलं इथलं डाउनटाउन ओस पडू लागलं. मग कोविड आला. 2021च्या सुमारास ऑफिसांच्या जागेपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा होता. त्याच वर्षी महापालिकेने योजना आणली: ऑफिसची घरं करा, चौरस फुटामागे 75 डॉलर अनुदान घ्या. 2031पर्यंत 60 लाख चौरस फूट ऑफिस कमी करायचं, असं लक्ष्य ठरलं. पुढच्याच वर्षी सिएरा प्लेस नावाच्या जुन्या ऑफिस इमारतीत 82 परवडणारी घरं तयार झाली आणि खालच्या मजल्यांवर बेघर कुटुंबांसाठी निवाराही झाला. ते काम माझं नव्हतं, पण तिथल्या खिडक्यांत संध्याकाळी दिवे दिसले की अजूनही बरं वाटतं.

माझी इमारत सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मी तिची स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्या दिवशी बाहेर उणे 28. साइटवर जाताना सांगलीला आईला फोन लावला, तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते. आज काय काम, तिने विचारलं. म्हटलं, भोकं पाडायचीत, सांडपाण्याच्या पाइपांसाठी. "म्हणजे मोरीचंच की गं. ऑफिसात मोऱ्या नसतात होय?"

आईने नेमकं दुखणं सांगितलं. ऑफिसच्या मजल्यावर पाणी असतं ते फक्त मधोमध, लिफ्टच्या आजूबाजूला. शे-दीडशे माणसांना तेवढी स्वच्छतागृहं पुरतात. घर म्हटलं की प्रत्येकाला स्वतःचं न्हाणीघर, संडास, सिंक. खिडकीपासून लिफ्टच्या भिंतीपर्यंत आमच्याकडे 12 मीटर अंतर. उजेड पहिल्या सहा-सात मीटरपर्यंतच पोचतो. म्हणून झोपायच्या खोल्या खिडकीशी आणि मोऱ्या आत, अंधाऱ्या पट्ट्यात. तिथे आठ इंची स्लॅबमधून पाइप खाली न्यायचे.

आणि त्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल्स होत्या. त्या काळी इथे अशा स्लॅब बऱ्याच झाल्या. सात तारांची, करंगळीएवढी जाड केबल. ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या वेष्टनात घातलेली, 12 टनांच्या आसपास ताण घेऊन दोन्ही टोकांना अडकवलेली. ती काँक्रीटला चिकटलेली नसते. त्यामुळे एका जागी कापली की त्या अख्ख्या लांबीचा ताण एका क्षणात जातो. कधी ती स्लॅब फोडून बाहेर उसळते. जवळ माणूस असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून आधी काँक्रीटच्या आतलं दाखवणारा स्कॅनर फिरवायचा, खडूने खुणा करायच्या: केबल लाल, साधी सळई निळी. सातव्या मजल्यावर हे आदल्या आठवड्यातच झालं होतं. मी पोचले तेव्हा कार्पेट निघालेलं होतं. एका खोलीत फळ्यावर 2015च्या मार्चमधल्या बैठकीचा अजेंडा तसाच होता. शेवटचा मुद्दा "पुढचा आठवडा", त्यापुढे कोरं.

कोअर मशीन, म्हणजे काँक्रीटमध्ये गोल भोक पाडणारं यंत्र, चालवणारे लुधियानाचे, साठीच्या घरातले. मी त्यांना पाजी म्हणते, ते मला बेटा. पाणी सुरू झालं, बिट फिरायला लागलं, आणि माझी नजर जमिनीवर गेली. मशीन निळ्या-लाल जाळीच्या बाहेर बसवलं होतं. वीतभर बाहेर.

"पाजी, बंद करो!"

त्यांनी तत्काळ बटण दाबलं. बिट जेमतेम अर्धा इंच आत गेलं होतं. पाजींच्या हातातला नकाशा नवा होता, बरोबर होता. न्हाणीघराची भिंत शुक्रवारी 300 मिलिमीटर सरकवली गेली होती. तो बदल नकाशावर आला, पण पुन्हा स्कॅन करायला कुणी सांगितलं नाही. त्या 'कुणी'त मीही होते. नव्या नकाशावर माझी सही होती.

स्कॅनर मागवून फिरवला. भोकाच्या बरोबर मध्यातून लाल रेघ गेली. पाजी ती रेघ पुरी होईपर्यंत उकिडवे बसून बघत राहिले. मग पगडी सावरत म्हणाले, "मेरा पोता कल ही पैदा हुआ है, बेटा." मला बोलायला काही सुचलं नाही. आम्ही दोघं बराच वेळ तिथेच जमिनीवर बसलो.

सांडपाण्याचा पाइप सरळ खाली जातो. सातव्या मजल्यावरची मोरी सरकली की तिच्या वरच्या-खालच्या साऱ्या मजल्यांवरची सरकते. आर्किटेक्टने आठ मजल्यांचे नकाशे पुन्हा काढले. खर्च वाढला, मालक नाराज झाला. कुणीतरी सुचवलं की केबल ठरवून सैल करा, कापा, बाजूला तिचं टोक धरून ठेवणारी नवी अँकर बसवा. तेही करता येतं, पण दर घरामागे ते करायचं तर हिशेबच मोडतो. मी मोरी हलवण्यावर ठाम राहिले. तेव्हापासून आमच्या साइटवर भोकाच्या प्रत्येक खुणेजवळ स्कॅनची तारीख खडूने लिहिलेली असते. तारीख नकाशाच्या आधीची असेल, तर मशीन लागत नाही.

नऊ दिवसांनी पाजींनी नव्या जागी बिट टेकवलं. खालच्या मजल्यावर एक पोरगा टॉर्च घेऊन उभा केला होता. राखाडी पाणी वाहत राहिलं, मग आवाज बदलला आणि काँक्रीटचा दंडगोल सुटून वर आला. ओला, कोमट, त्यात नदीचे गोल गोटे. भोकातून टॉर्चचा उजेड सरळ छतावर पडला.

"साफ है?" पाजींनी वाकून विचारलं.

"साफ है," खालून आवाज आला.

मी पाटीवर लिहिलं: सातवा मजला, घर क्रमांक तीन, मोरी. पाजींनी मशीन उचललं आणि घर क्रमांक चारच्या खुणेकडे निघाले.