चाचणी बनली, परवानगीचं पत्र काही बनेना

पीएचडीसाठी आठवीच्या मुलांची परीक्षेची भीती मोजणारी मराठी चाचणी तयार करत होते. विधानं लिहिली, तज्ज्ञांनी तपासली, माझ्या गाईड मॅडमनी दुरुस्त्या सांगितल्या, ते सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं शाळांत जायच्या परवानगीपाशी. ऑफिसचं नाव घेत नाही, आमच्या कोकणातलंच.

तिथले भाऊसाहेब म्हणाले, "अर्जाला फायनल चाचणी जोडा." म्हटलं, भाऊसाहेब, फायनल करायलाच तर आधी थोड्या मुलांना देऊन बघायचीय. "मग फायनल झाली की या!" आता यांना कसं सांगायचं की मुलांची उत्तरं आल्याशिवाय कुठलं विधान बाकीच्यांशी जुळतं आणि कुठलं काढायचं ते कळतच नाही, आणि क्रॉनबॅकचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, १९५१ पासून सगळे तोच काढतात, ०.७० च्या वर आला की जीव भांड्यात) काय मी घरी बसून काढू? पुढच्या खेपेला साहेब दौऱ्यावर, मग फाईल दुसऱ्या टेबलावर, मग पावसाने लाईट गेलेली. फाईल कुठे पोचली हे विचारायलाही अर्जाचा आवक नंबर लागतो, तो पहिल्याच दिवशी आपल्या प्रतीवर मारून घ्या.

शेवटी मॅडमनी सुचवलं की चाचणीवर 'कच्चा मसुदा' असं लिही आणि अर्जात स्पष्ट टाक की मुलांची नावं घेणार नाही, पालकांची संमती घेणार. सही झाली! एवढ्यासाठी अख्खा पावसाळा गेला म्हणजे बघा.

पत्र हातात आलं तर गणपतीची सुट्टी, चाकरमानी गावात, शाळेत कोण भेटणार? त्यात मला तीच चाचणी त्याच मुलांना दोनेक आठवड्यांनी परत द्यायची होती, दोन्ही वेळचे गुण जुळतात का ते बघायला. सुट्टीनंतर पहिली दिली असती तर दुसरी सहामाहीच्या तोंडावर आली असती, तेव्हा मुलं खरंच जास्त घाबरलेली असतात, म्हणजे गुण बदलणार आणि चाचणी भरवशाची नाही असा आकडा येणार, चाचणीचा काही दोष नसताना. म्हणून सरळ दिवाळीनंतर गेले.

हो, एक राहिलंच. 'परीक्षेच्या आदल्या रात्री मला झोप येत नाही' अशी नकारार्थी विधानं टाळा. पर्यायात 'कधीच नाही' असलं की मुलं गोंधळतात, पायलटमध्ये, म्हणजे आधी थोड्या मुलांना देऊन बघितली तेव्हा, नेमकी हीच विधानं गळाली.