"आम्ही कळवतो" म्हणजे नेमकं कधी?
नोकरीच्या इंटरव्ह्यूनंतर आज आला एकदाचा नकाराचा मेल. नो-रिप्लाय आयडीवरून, सुरुवातच 'डिअर कँडिडेट'. एवढे राऊंड झाले, घरून असाइनमेंट करून घेतली, मॅनेजरशी तासभर बोलणं झालं आणि शेवटी साधं नावपण नाही. नकाराचं काही नाही हो, राग आला तो मधल्या शांततेचा. फोन केला की "फीडबॅक यायचाय", मग फोन उचलणंच बंद.

एचआरमधली मैत्रीण म्हणाली, अगं बऱ्याचदा पहिल्या पसंतीच्या माणसाला ऑफर गेलेली असते, तो नोटीस पिरियडमध्ये असतो, जॉइन होईल की नाही याचा भरवसा नसतो म्हणून बाकीच्यांना स्पष्ट नाही म्हणत नाहीत, लटकवून ठेवतात. कधी पोझिशनच होल्डवर जाते आणि ते बोलायची मुभा रिक्रूटरलाही नसते. बरं, पटलं. पण मग तेवढंच सांगा ना, "वेटिंगवर आहात, वेळ लागेल", माणूस दुसरीकडे बघेल तरी! आणि आपण एक दिवस उशिरा रिप्लाय दिला की यांचं लगेच "आर यू स्टिल इंटरेस्टेड?"

मागे एका छोट्या कंपनीतल्या मॅडमनी मात्र स्वतः फोन करून सांगितलं होतं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कच्चं आहे, बाकी छान, तयारी करून परत अप्लाय करा. तिथे खरंच करणारे.