स्वस्त आवृत्ती निवडताना

आज पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अप्पा बळवंत चौकात हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’च्या दोन कागदी बांधणीच्या आवृत्त्या शेजारी ठेवून बराच वेळ चाळल्या. हरिभाऊंचे निधन १९१९ मध्ये झाले आणि आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंतच टिकतो, म्हणून ही कादंबरी आता कोणीही छापू शकतो. किंमत कमी ठेवता येते ती बऱ्याच अंशी त्यामुळेच.

पहिल्या प्रतीचे मुखपृष्ठ देखणे आणि कागद पांढराशुभ्र होता, परंतु पाने नुसती सरसाने चिकटवलेली होती आणि आतला समास इतका अरुंद होता की ओळींची टोके बांधणीत शिरत होती. त्याहून वाईट म्हणजे एकाच पानावर ‘घर’चे ‘धर’ आणि ‘भाऊ’चे ‘माऊ’ झालेले दिसले. जुनी प्रत यंत्राने वाचून घेतली आणि मुद्रितशोधन केलेच नाही, की अशा चुका राहतात. मजकूर कोणत्या आवृत्तीवरून घेतला, याचाही कुठे उल्लेख नव्हता.

दुसरीचा कागद पिवळट, पण फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवलेले होते, आणि जुने अनुच्चारित अनुस्वार काढून मराठी शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनुसार लेखन केल्याचे संपादकांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले होते. एवढा प्रामाणिकपणा मला मुखपृष्ठापेक्षा फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या हाती आलेला मजकूर लेखकाचा किती आणि नंतरच्या हातांचा किती, हे वाचकाला कळलेच पाहिजे. थोडे अधिक पैसे देऊन मी हीच प्रत घेतली.