लेस पॉल की पॅसिफिका: माझे अडीच महिने

दिवाळीचा बोनस हातात पडला आणि दहा वर्षं अकूस्टिक गिटार बडवून झाल्यावर एकदाची इलेक्ट्रिक घ्यायचीच असं ठरवलं. मी जळगावला राहतो, ठिबकच्या एका डीलरकडे हिशोब बघतो, आणि सुट्टीच्या दिवशी आमचा चार जणांचा ऑर्केस्ट्रा असतो. ऑर्केस्ट्रा म्हणजे फार काही नाही, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, एक गायक आणि मी. साखरपुडा, हळद, गणपती, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एखादा कार्यक्रम. अकूस्टिकमध्ये पिकअप (तारांची थरथर पकडून अँपकडे पाठवणारा भाग) बसवून इतकी वर्षं ढकलली पण आवाज वाढवला की ती कुई करून शिट्टी मारायला लागते, आणि कमी ठेवला तर ऑक्टोपॅडवाला सुरू झाल्यावर मी वाजवतोय का नुसता उभा आहे हे समोरच्याला कळायचंच नाही.

बजेट 30 हजार, त्यातच बॅग, पट्टा, केबल. अँप (अँप्लिफायर) तूर्तास कीबोर्डवाल्या मित्राचा. आमच्याकडे दुकानात हार्मोनियम, ढोलकी, साध्या गिटारी पाहिजे तितक्या मिळतात, पण इलेक्ट्रिक म्हटलं की "मागवून देतो ना भो" असं उत्तर येतं, आणि मागवलेली मग आवडो न आवडो घ्यावीच लागते. म्हणून महिनाभर फक्त व्हिडिओ बघितले. ही माझी पहिली चूक. व्हिडिओत सगळ्याच गिटारी छान वाजतात कारण वाजवणारा छान असतो.

शेवटी दोनच नावं राहिली. एक यामाहा पॅसिफिका 112 जे, नवी कोरी, 27 हजारांच्या आतबाहेर. दुसरी एपिफोनची लेस पॉल स्टँडर्ड, सेकंडहँड, भुसावळला एक दादा विकत होते, नोकरीत बदली झाली होती आणि नव्या गावी सामान कमी न्यायचं होतं. त्यांची मागणी 26 हजार. नवी घ्यायला गेलो असतो तर ती माझ्या बजेटच्या फार वर होती, म्हणून जीव तिच्यातच अडकला. आणि खरं सांगायचं तर दिसायला पण तीच. पिवळ्यातून लालसर होत जाणारा तो रंग, कॉलेजच्या होस्टेलमध्ये भिंतीवर लावलेल्या पोस्टरमधली गिटार तशीच होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅसिफिका ही स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाची गिटार आहे. फेंडरने स्ट्रॅटोकास्टर 1954 साली काढली, गिब्सनने लेस पॉल त्याच्या दोन वर्षं आधी, 1952 ला. एपिफोन ही गिब्सनचीच कंपनी, त्यामुळे लेस पॉल हे नाव ते हक्काने लावतात. स्ट्रॅटच्या घराण्यात नेक (गिटारची मान) बॉडीला स्क्रूने बसवलेली असते, लेस पॉलमध्ये चिकटवलेली. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, आणि या दोघांमधली लांबी म्हणजे स्केल; स्ट्रॅटची तार नटपासून ब्रिजपर्यंत साडेपंचवीस इंच, लेस पॉलची पावणेपंचवीस. पाऊण इंचाने काय फरक पडतो असं मला वाटायचं, पण तीच तार त्याच सुराला लावली तर लांब स्केलवर ताण साधारण 6 टक्के जास्त येतो आणि तार ओढून सूर चढवताना तो बोटाला बरोबर कळतो.

तर एका रविवारी सकाळी भुसावळ. दादा सज्जन माणूस, चहा झाला, गिटार काढली, छोटा अँप लावला. मी मांडीवर घेतली आणि वाजवायला लागलो तर आवाज काय सांगू, जाड, गोड, एक सूर धरला की धरलेलाच. पण दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मागे सतत घूं असा आवाज. आणि दुसरी, मनगट तारांना टेकलेलं असताना पाय फरशीला लागला की तारांमधून बारीक झिणझिण्या. दोनदा वाटलं भास होतोय, तिसऱ्यांदा हात काढूनच घेतला. दादांना म्हटलं करंट येतोय, ते म्हणाले शक्यच नाही, मी तीन वर्षं वाजवतोय. मग कळलं ते कायम चप्पल घालून वाजवायचे.

मी घरी येताना सगळ्या गाडीभर मनात तिला नापास करून टाकलं. हंबकर पिकअप असून घूं करते म्हणजे आत काहीतरी बिघाड. हंबकरचा तर सगळा मुद्दाच तो आहे. गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 च्या सुमारास तो बनवला, दोन कॉइल शेजारी शेजारी, उलट्या वायंडिंगच्या आणि उलट्या चुंबकाच्या, त्यामुळे तारेचा आवाज दोघांचा मिळून येतो आणि बाहेरून विजेची जी 50 हर्ट्झची गुणगुण शिरते ती एकमेकांत कटते. नावातच आहे, हम अडवणारा.

मग पुढच्या आठवड्यात विदर्भ एक्सप्रेसने रात्री निघालो, सकाळी सीएसएमटी. मुंबईत दुसरं एक काम होतंच, ते उरकून चालत धोबी तलाव. तिथे फर्टाडोसचं दुकान आहे, 1865 पासूनचं, भिंतीभर गिटारी टांगलेल्या बघून पहिली दहा मिनिटं मी नुसता खेड्यातून आलेल्या पाहुण्यासारखा फिरलो. पॅसिफिका मागितली. हलकी. नेक बारीक, बोटं आपोआप पुढे सरकतात. तीन पिकअप, ब्रिजकडे हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे, म्हणजे गुणगुण न कटणारे), पाच जागांचा स्विच, म्हणजे एकाच गिटारीत स्वच्छ टणटणीत आवाज पण आणि जाड आवाज पण. आणि शांत! वाजवणं थांबवलं की अँप चालू आहे का बंद तेच कळत नव्हतं.

एवढं असून घेतली नाही. का विचाराल तर मलाच माहीत नाही. हातात पैसे होते, आवडली होती, आणि तरी मी "विचार करून सांगतो" म्हणून बाहेर पडलो आणि रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडून भुसावळच्या गिटारीचा तो धरून ठेवलेला सूर आठवत राहिलो. बायको म्हणाली, "अहो, मग गेला कशाला होतात?"

कीबोर्डवाल्या मित्राला सगळं सांगितलं तेव्हा त्याने मला सरळ वेड्यात काढलं. "भो, तू दोन गिटारी नाही बघितल्या, दोन घरांचं वायरिंग बघून आलास." त्याचं म्हणणं असं की भुसावळला अँपची पिन कशात लावली होती ते बघितलं का. नव्हतं बघितलं. दादांना फोन केला, त्यांनी बघून सांगितलं की एक्सटेन्शन बोर्ड त्यांनीच घरी बनवलाय आणि त्यात दोनच वायरी आहेत. म्हणजे थ्री पिन प्लगची मोठी पिन नुसती भोकात जाऊन बसलेली, अर्थिंग शून्य. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत आतून केबलच्या शिल्डला आणि तिथून अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात, अँपलाच अर्थ नसेल तर गळणारा करंट तारांवर येऊन बसतो आणि तुम्ही अनवाणी असाल तर तुमच्यातून जमिनीत जायला बघतो. ही थट्टेची गोष्ट नाही, स्टेजवर दुसऱ्या हातात माइक असेल तर जिवावर बेतू शकतं. दादा थोडे दुखावलेच होते, "म्हणजे माझी गिटार करंट मारते म्हणता?" म्हटलं दादा गिटार नाही, बोर्ड. ते म्हणाले थांबा मीच घेऊन येतो जळगावला.

आणि खरंच आले, पॅसेंजरने, गिटार पोराला धरतात तशी मांडीवर धरून. त्याच रविवारी धुळ्याहून मित्राचा चुलतभाऊ येणार होता आणि त्याच्याकडे योगायोगाने तीच पॅसिफिका, 112 जे. जमलो मित्राच्या खोलीत, तिथे मित्र अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग करतो, त्यामुळे वायरिंग पक्कं. मी दोन्हींसाठी 10-46 च्या (हे आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे) नव्या तारांचे सेट आणले होते, कारण दादांच्या गिटारीवरच्या तारा काळ्या पडल्या होत्या आणि पॅसिफिकावर 9 च्या बारीक तारा होत्या, मग तुलना कशाची करणार. तारा बदलण्यातच तास गेला. एकच अँप, एकच केबल, एकच सेटिंग.

पहिला धक्का म्हणजे लेस पॉल एकदम गप्प. घूं नाही, झिणझिण्या नाहीत. आणि पॅसिफिका, जी मुंबईत इतकी शहाण्यासारखी वागली होती, ती सिंगल कॉइलवर टाकली की गुणगुणायला लागली, कारण खोलीत जुना चोकवाला ट्यूबलाइट आणि कॉम्प्युटर. हंबकरवर घेतली की शांत. मुंबईत मी बहुतेक ब्रिजच्या हंबकरवरच खेळत बसलो होतो. म्हणजे माझा दोन्हीकडचा निकाल बरोबर उलटा होता.

एकट्याने वाजवून बघितलं तर लेस पॉल जिंकली, यात वाद नाही, धुळेवाला स्वतः म्हणाला की माझी घ्या आणि ही मला द्या. मी तर खिशातून इसार काढायच्या बेतात होतो. तेवढ्यात मित्र म्हणाला, आता आमच्याबरोबर वाजव. त्याने कीबोर्डवर स्ट्रिंग्जचा आवाज धरला, ऑक्टोपॅडवर रिदम सुरू झाला, आणि लेस पॉलचा तो गोड जाड आवाज कीबोर्डमध्ये साखरेसारखा विरघळून गेला. आवाज वाढवला तर गायक दबला. कारण साधं आहे, मधल्या पट्टीची जी जागा कीबोर्ड खातो तीच जागा हंबकर पण मागतो. मग पॅसिफिका घेतली, मधला सिंगल कॉइल, आवाज आधीपेक्षा कमीच ठेवला, आणि एकेक सूर वेगळा ऐकू यायला लागला. जुन्या हिंदी गाण्यांमधला तो टुणटुणीत रिदम तर बघायलाच नको.

फोनवर दोन्ही रेकॉर्ड करून घरी बायकोला ऐकवलं, कुठली कुठली ते न सांगता. ती म्हणाली पहिल्यात गिटार कुठे होती? पहिली लेस पॉल होती.

तरी माझं मन वळत नव्हतं हं. त्या दिवशी शेवभाजी खाताना दादांनी स्वतःहून सांगितलं की गिटार एकदा स्टँडवरून पडली होती. नटच्या मागे बघितलं तर केसाएवढी रेघ, चिकटवलेली. या गिटारीचं मस्तक मागे झुकलेलं असतं आणि नेमकं तिथे ट्रस रॉडसाठी (नेकच्या आतली धातूची सळई) लाकूड कोरलेलं असतं, त्यामुळे पडली की तिथेच तुटते, हे सगळे सांगतात. नीट चिकटवलेली असेल तर वर्षानुवर्षं टिकते हे पण सांगतात. दादा म्हणाले 21 ला घ्या. पाच हजार एकदम खाली! मी ती उचलून दुकानातल्या काट्यावर नेऊन ठेवली (त्याच गल्लीत माझं ऑफिस), 4 किलो 100 ग्रॅम. पट्टा लावून अर्धा तास उभा राहिलो. हळदीचा कार्यक्रम तीन-साडेतीन तास चालतो आणि माझी मान आधीच दिवसभर कॉम्प्युटरपुढे आखडलेली. तिथे निर्णय झाला. आवाजावर झाला असं म्हणायला बरं वाटतं, पण बराचसा मानेवर झाला.

दादांना नाही म्हणताना जीवावर आलं. पुढे त्यांची गिटार नाशिकला गेली, एका मुलाने 22 ला घेतली, घरी एकटाच वाजवतो म्हणे. त्याच्यासाठी तीच बरोबर.

पॅसिफिका जानेवारीत घेतली, मुंबईत जाऊनच, तीन पीस वाजवून त्यातला एक. तीच कंपनी तेच मॉडेल, पण एकाची नेक जरा वाकलेली वाटली आणि एकाचा स्विच खरखरत होता, त्यामुळे शक्य असेल तर हात लावूनच घ्या. घरी आणली तेव्हा अमळनेरची मावशी आलेली होती, मी अँपशिवायच तारा छेडल्या, तर म्हणते, "आते हाई काय लई उना रे? आवाज ते येतच नही!" (आता हे काय घेऊन आलास रे, आवाज तर येतच नाही.)

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला आणि दोन गोष्टी झाल्या. कोरड्या हवेने फिंगरबोर्डचं लाकूड आकसलं आणि फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाजूने बोटाला टोचायला लागली, ती बारीक कानसने घासून घेतली. आता उन्हाळ्यात गिटार भिंतीवर टांगत नाही, बॅगेत ठेवते बायको, मी विसरलो तर. आणि दुसरं म्हणजे घरच्या अँपमध्ये खरखर वाढली. वायरमनला बोलावलं, त्याने मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरून बघितला तर आत कोरडी ठणठणीत माती, कोळसा आणि मीठ आजोबांच्या वेळचं. नवं भरलं. तेव्हापासून उन्हाळाभर तुळशीला पाणी घालून झालं की एक बादली त्या खड्ड्यात.

खरखर गेली, सिंगल कॉइलची गुणगुण मात्र थोडी राहिलीच, ती अर्थिंगने पूर्ण जात नसते. पण गिटारचं तोंड फिरवलं की ती कमीजास्त होते, आणि आमच्या हॉलमध्ये देवघराकडे तोंड करून बसलं की जवळपास बंदच. म्हणून मी रोज तिथेच बसतो. आईला वाटतं देवाला ऐकवतोय, संध्याकाळी उदबत्ती लावून माझ्यासाठी पाट पण मांडून ठेवते.